टिनाच्या दारातलं भोक

लोणारला बदली झाली तेव्हा मला जी खोली भाड्यानं मिळाली, तिच्या न्हाणीघराला दार नव्हतं. बिजागऱ्या होत्या, कडी अडकवायची जागा होती, पण दाराच्या ठिकाणी एक हिरवा जाड पडदा लोंबत होता. घरमालक समोरच उभे होते. मी विचारलं, "साहेब, दार कुठं गेलं?"

"टिनाचं होतं. काढून टाकलं."

"काऊन?"

"टिनाचं होतं म्हणून."

आता यावर बाईमाणसानं काय बोलावं? पण मी खामगावची. आमच्याकडं मनातलं पोटात ठेवायची रीत नाही. मी सरळ सांगितलं की पडद्याआड आंघोळ करायला मी काही तीर्थावर आलेली नाही, दार बसवा नाहीतर दुसरा भाडेकरू बघा.  त्याच आठवड्यात सुतार आला आणि न्हाणीला अस्सल सागवानी दार बसलं. घराच्या पुढच्या दारापेक्षा ते भारी होतं. मी शिकवते त्या शाळेतल्या बाया खास ते बघायला येऊन गेल्या.

साहेब आता नाहीत. घर त्यांच्या पुण्याच्या मुलानं विकलं, नवीन मालकानं ते दार काढून पुढं लावलं असं ऐकते. मी अजून लोणारातच आहे, दोन गल्ल्या पलीकडं. तिकडून जाताना त्या दाराकडं बघायचं टाळते. माणूस विक्षिप्त होता, मला त्यानं पुष्कळ वैताग दिला, आणि तरी त्याची आठवण आली की आत काहीतरी दुखतं. का दुखतं ते सांगायलाच हे लिहायला बसले.

गावात सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत सरकारी प्रयोगशाळेत ते बंदुकीच्या गोळ्यांचे तज्ज्ञ होते. कुठं गोळी झाडली गेली की पोलीस यांच्याकडं गोळी पाठवणार, आणि ती कुठल्या बंदुकीतली, कुठून सुटली, हे साहेब सांगणार. हे ऐकून मला वाटलं होतं, मिशाळ दणकट गडी असेल. प्रत्यक्षात माणूस काटकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पालीला भिणारा. खिशात पेनाऐवजी भिंग.

त्या भिंगानं ते भोकं बघायचे. कुठलंही भोक. पोत्याला उंदरानं पाडलेलं, चादरीला उदबत्तीनं पडलेलं, आमच्या मोरीच्या जाळीचं. बाजारात वांगी घेताना तर ऐकायलाच नको. "हे अळीचं नाही. अळी आत शिरते तेव्हा काठ असा उसवत नाही. हे खिळ्याचं आहे, तुमच्या गाडीला खिळा वर आलाय." भाजीवाली म्हणायची, "बाबा, घ्यायचं तं घ्या, नाहीतं पोस्टमार्टम कराले दवाखान्यात जा." साहेब हसायचे आणि तीच वांगी घ्यायचे. "आधी भोक बघा, मग भांडा," हे त्यांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

दुसरा नाद भवऱ्यांचा. एक लाकडी पेटीभर भवरे होते त्यांच्याकडं, सुताराकडून सांगून घडवलेले. आखूड, लांब, बुटके, एक तर हातभर उंच, जो कोणालाच फिरवता यायचा नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते भवरा सोडायचे आणि तो स्थिर उभा राहिला की तोंडावर बोट ठेवून मला म्हणायचे, "बोलू नका. झोपला."

एकदा मी पापड लाटत होते आणि ते समोर बसून नेहमीचं व्याख्यान देत होते. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

"बंदुकीची नळी आतून गुळगुळीत नसते मॅडम. आत खाचा असतात, गोल जिन्यासारख्या वळत गेलेल्या. गोळी त्यांच्यात रुतते आणि गरगरत बाहेर पडते. किती इंचात एक फेरा, तो प्रत्येक नळीचा पीळ ठरलेला. आता त्याच नळीतून गोळी दुप्पट वेगानं काढली, तर तिचं फिरणंही दुप्पट. वेग पडला की फिरणं पडलं."

"आणि फिरलीच नाही तर?"

"तर हवा तिचं तोंड धरते. लांबट गोळी, वजन मागच्या अंगाला. हवा तोंडावर दाबणार, तोंड उचललं जाणार, मग गोळी आडवी, मग कोलांट्या. फिरत असली की हवेचं काही चालत नाही. त्या भवऱ्याला बोट लावून पाहा. डुलेल, पुन्हा उभा राहील. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट पाहिजे. छर्र्यासारखी गोल असली तर पीळ नसला तरी भोक गोलच पडणार, तिला आडवं व्हायला अंगच नाही."

मी म्हटलं, "साहेब, लाटणं द्या इकडं, ते तुम्ही फिरवून राहिले."

शाळेतही मी त्यांना एकदा बोलावलं. सातवीच्या पोरांसमोर त्यांनी खडू नुसता फेकला, तो हवेत उलटापालटा होत गेला. मग बोटांनी पीळ देऊन फेकला, तो नाकासमोर सरळ जाऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडला. पोरांनी तो तास डोक्यावर घेतला. पुढचा महिनाभर शाळेत एक खडू शिल्लक राहिला नाही आणि बोलणी मी खाल्ली. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "नळी सोडली की शिकवण बंद, मास्तरीणबाई. काय पीळ द्यायचा तो आत असेपर्यंतच. पोरांचंही तेच." हे ते इतक्यांदा म्हणायचे की मला त्याचा राग यायचा. तेव्हा वाटायचं, हा माणूस मला शिकवतोय. तो स्वतःबद्दल बोलत असेल हे डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी विवराच्या काठावर फिरायला जायचा त्यांचा नेम होता. मीही पुष्कळदा जायची. बाहेरगावचे लोक आलेले असायचे, गाईड पोरगा त्यांना सांगत असायचा की आकाशातून उल्का आली, सरळ वरून आदळली, म्हणून खड्डा असा ताटासारखा गोल. झालं. साहेब त्या अनोळखी लोकांत घुसायचे. "सरळ नाही, तो दगड तिरका आला. तिरका आला तरी भोक गोल. इतक्या वेगानं आला की तो आदळला नाही, फुटला. स्फोटाला दिशा नसते." लोक मोबाईल खाली करून ऐकायचे. गाईड बिचारा कपाळाला हात लावायचा. त्याचं पोट यावर होतं आणि साहेब रोज त्यात माती कालवायचे.

तिसरा नाद लिंबांचा. साखरखेर्ड्याच्या बाजाराच्या दिवशी साहेब सकाळची गाडी पकडून मेहकरला जायचे, तिथं गाडी बदलायची, साखरखेर्ड्याला उतरायचं, आणि पिशवीभर लिंबं घेऊन परत. लोणारात काय लिंबं मिळत नाहीत? एकटा माणूस, बायको वारलेली, सरबतसुद्धा प्यायचा नाही. लिंबं खिडकीत वाळत पडायची. मी लोणचं घातलं, शेजारी वाटलं, शाळेत नेलं. शेवटी एकदा काठावर बसलो असताना मी चिडले. म्हटलं, "साहेब, दिवसभराची एसटी करून लिंबं आणायची म्हणजे काय? तिथं तुमची कोणी बसली आहे का?"

चेष्टा केली होती मी. ते हसले नाहीत. खाली पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिथं एक माणूस बसतो. मी त्याला जन्मठेप लावली."

गोष्ट त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितली. साखरखेर्ड्याच्या अलीकडं एक गाव आहे, नाव कशाला घ्या. तिथं दोन शेजारी, बांधावरून जुनं वैर. त्यातला एक दिवेलागणीला आपल्या टिनाच्या दाराची कडी लावत होता. बाहेरून गोळी आली, दारातून आरपार त्याच्या कमरेत घुसली, पलीकडून निघून मागच्या दगडी भिंतीवर आपटली आणि तिचा चुरा झाला. माणूस दवाखान्याच्या वाटेत गेला. दुसऱ्या शेजाऱ्याकडं रानडुकरांसाठी परवान्याची रायफल होती, आणि त्याच आठवड्यात ती झाडलेली होती. तो म्हणत होता, डुकरावर झाडली. पोलिसांनी त्याला धरलं. पण नुसत्या संशयावर कोर्ट शिक्षा देत नाही.

साहेब तेव्हा नवे, तरणे, हुशारीचं नाव झालेले. त्यांनी जाऊन दार पाहिलं. भोक लांबट होतं. लांबट भोक म्हणजे गोळी तिरकी आलेली. लांबी मोजली, रुंदी मोजली, त्यावरून तिरकेपणा काढला, दोरी ताणली, आणि दोरी बरोब्बर त्या शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन टेकली.

"कोर्टात मी शिपायाकरवी कुणा बाईची बांगडी मागून घेतली," साहेब म्हणाले. "खिडकीतल्या उन्हात धरली. सरळ धरली की भिंतीवर सावली गोल. तिरकी केली की लांबट. वकील गप्प झाले. सगळं कोर्ट गप्प झालं. मला इतका आनंद झाला होता मॅडम."

"मग चूक काय झाली?"

"गोळी सरळच आली होती. आडवी होऊन आली होती."

आमच्या भागात तेव्हा दोनच तऱ्हेची हत्यारं असायची. परवान्याची रायफल, तिच्या नळीला पीळ, गोळी नीट फिरत येणार, सरळ मारली तर भोक गोल. नाहीतर ठासणीची जुनी बंदूक, तिच्यात पीळ नाही पण गोळीच गोल, तेव्हा भोकही गोल. म्हणजे भोक लांबट असेल तर नेम तिरका, हे गणित साहेबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रायफलीचं लांब काडतूस नळाच्या पाइपात घालून उडवणारा कोणी असेल, हा देशी कट्ट्याचा प्रकार या बाजूला कोणी पाहिलेलाच नव्हता. पाइपाला पीळ नाही. पाइप गोळीला सैल, वायू बाजूनं निसटतो, म्हणून वेगही नाही. लांबट गोळी चार पावलांतच आडवी होते आणि टिनाला कुशीवर लागते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी असा एक कट्टा त्यांच्याकडं आला. चाचणीसाठी पत्र्यावर झाडला. भोक पाहून त्यांचा मदतनीस हसला, म्हणाला, सर, गोळी झोपूनच आली. साहेब तिथंच खुर्चीवर बसले.

"एखाद्याला माहीत नसतं एखादी गोष्ट," मी म्हटलं. "त्यात तुमचा काय दोष?"

साहेब गहिवरले की त्यांची भाषा अमरावतीकडं वळायची. म्हणाले, "भिंत होती ना मॅडम. भिंतीवरची खूण दाराच्या भोकाच्या बरोबर समोर होती. गच्चीवरून आली असती तर खाली, बाजूले लागली असती. मी म्हटलं, हाडाले लागून वळली. मले भिंतीनं सांगितलं होतं. माहं गणित इतकं सुंदर जमलं होतं, मी भिंतीचं ऐकलंच नाही."

मग न्हाणीचं दार कुठं गेलं ते मला समजलं.

तो माणूस शिक्षा भोगून कधीचा सुटला होता आणि बाजारात लिंबं विकत होता. साहेबांनी मेहकरच्या एका वकिलाला विचारलं होतं. वकील म्हणाला, अजून दाद मागता येईल, पण ती त्या माणसाला मागावी लागेल, सही त्याची लागेल. आधी जाऊन त्याला सांगा. एवढंच काम होतं. लोणारात घर घेतलं तेही तेवढ्यासाठीच, की तिथून साखरखेर्ड्याला जाऊन यायला जमतं. आणि दर बाजाराला हा माणूस जायचा, त्याच्यासमोर उभा राहायचा, आणि लिंबं घेऊन परत यायचा.

मी मागं लागले. जेवताना सांगा, फिरताना सांगा, सारखं तेच. तो म्हातारा झालाय, तुम्ही म्हातारे झालात, कशाची वाट बघता? ते म्हणायचे, "पुढच्या बाजाराला." अखेर सुट्टी बघून मी स्वतःच बरोबर गेले.

गोणपाटावर लिंबांचा ढीग लावून तो बसला होता. उन्हानं रापलेला, केस पांढरे, हात मोठे. साहेबांना बघून ओळखीचं हसला. न विचारता लिंबं भरायला लागला आणि भरून झाल्यावर वरून एक टाकलं. "हे मह्याकडून, बाबा." साहेब पिशवी धरून तसेच उभे. मी त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी तोंड उघडलं. "मी... माझं तुमच्याकडं..."

"बोला ना बाबा," तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याची काही अडचण आहे.

साहेबांनी पिशवीत हात घालून वरचं लिंबू चाचपलं. मग ते म्हणाले, "लिंबं चांगली आहेत तुमची."

"झाड जुनं हाय," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. मेहकर आल्यावर राहवलं नाही, म्हटलं, "साहेब, कोर्टात तर मोठे घडाघडा बोलले होते." लागेल असंच बोलले होते, आणि लागलं. ते म्हणाले, "वेग कमी पडला मॅडम. नळीतून बाहेर तर पडली, पण वेग नव्हता." मला हसू नाही आलं.

त्यानंतर करोना आला. बाजार बंद, एसटी बंद. साहेब ओट्यावर बसून भवरे सोडायचे आणि मला रोज विचारायचे, मेहकरची गाडी सुरू झाली का. गाड्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात गेले. लवकर परत आले. पिशवी रिकामी होती. त्याच्या जागेवर एक कांदेवाली बसली होती, आणि तिनं सांगितलं, लिंबूवाले दादा गेले.

साहेबांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हटलं, "त्याची बायको आहे ना? मग चला." ते निमूट उठले. निघताना पेटीतून एक भवरा आणि दोरी घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली. मला वाटलं, आता याला तिथं व्याख्यान द्यायचंय की काय. 

गाव छोटं. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात लिंबाचं मोठं झाड, आणि त्याखाली ती बाई तुरी पाखडत बसलेली. शेजारच्या, गोळी लागलेल्या माणसाच्या घराची नुसती जोती उरली होती, ते लोक केव्हाच गाव सोडून गेले होते. मी सांगितलं, आम्ही लोणारहून आलो. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि साहेबांकडं निरखून पाहिलं.

"ते बाजारातून आले की सांगायचे," ती म्हणाली. "एक म्हातारा येतो म्हणे, भाव करत नाही. तुमीच का?"

"मीच," साहेब म्हणाले. "आणि कोर्टात गोळीचं सांगणारा साहेबही मीच."

तिनं पदर सावरला. साहेब तिथंच मातीत बसले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. आधी एकच वाक्य बोलले, "तुमच्या मालकानं गोळी झाडली नव्हती," आणि मग बाकीचं. दार, भोक, पीळ, वेग, पाइप, भिंतीवरची खूण. सांगताना त्यांनी भवऱ्याला दोरी गुंडाळली आणि सोडला. दोरी सैल गुंडाळली गेली होती. भवरा फिरलाच नाही, आडवा पडून घरंगळत तिच्या सुपापाशी गेला. "अशी," साहेब म्हणाले. "अशी आली होती गोळी."

बाईनं भवरा उचलला. उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं आता रडेल, किंवा शिव्या देईल. तिनं द्याव्यात असंच मला वाटत होतं. साहेबांनाही तेच हवं होतं, मान खाली घालून बसले होते बिचारे.

ती म्हणाली, "ती बांगडी मही व्हती."

साहेबांनी वर पाहिलं.

"शिपाई बाकावर मांगाले आला. कोणीच देईना. म्या दिली. म्हटलं, खरं निघून राह्यलं तं निघू द्या, मह्या घरचा माणूस सुटन." तिनं मनगटावर हात फिरवला. "मंग तुमी ती उन्हात धरली. म्या मह्या डोळ्यानं पाह्यलं. बांगडी गोल, सावली लांबोडी."

"बाई..." साहेब म्हणाले.

"त्यायनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली व्हती. मी नाही मारलं म्हणे. म्या नाही मानलं साहेब. सरकारचा एवढा शिकेल माणूस, त्याचं कोणासंग वैर नाही, तो काऊन खोटं बोलन? तुमचं मानलं, त्यायचं नाही मानलं." ती हळू बोलत होती, तुरीतले खडे वेचावेत तशी. "निकाल लागला त्या दिशी ती बांगडी फोडली म्या. जित्या नवऱ्याची. सुटून आले तवा भाकरी दिली, पाणी दिलं. समोर बसून कधी वाढलं नाही. ते म्हणायचे, गावाचं जाऊ दे, तू तरी मान. शेवटल्या दिशीबी म्हणले. म्या म्हटलं, म्या पाह्यलंय."

झाडावर चिमण्या ओरडत होत्या. मी माझ्या पिशवीचे बंद उगीच आवळत बसले होते. आजवर मला वाटायचं, साहेबांनी एका माणसाची वर्षं नेली. ती तर गेलीच होती. पण सुटून आल्यावरची, घरातली, ताटासमोरची वर्षंही त्याच भोकातून गेली होती, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, "मी गावात पारावर येऊन सांगतो. सगळ्यांसमोर. अर्ज तुमच्या सहीनं करता येतो का तेही वकिलाला विचारतो."

"गावाले काय करू?" ती म्हणाली. "गावासंग मले रहा लागलं नाही. त्यायच्यासंग रहा लागलं." मग अगदी सरळ विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमी दर बाजाराले जात व्हते ना? मंग त्यायले काऊन नाही सांगलं? त्यायनं घरी येऊन मले सांगलं असतं. म्या ऐकलं असतं."

साहेब मातीत पडलेली भवऱ्याची दोरी गोळा करत राहिले. 

निघताना ती उठली, झाडाची लिंबं काढली आणि त्यांच्या पिशवीत घातली. नको म्हणायची छाती आम्हा दोघांची झाली नाही. घालून झाल्यावर तिनं वरून एक टाकलं. "ते टाकायचे," म्हणाली. भवरा तिनं परत दिला नाही आणि साहेबांनी मागितला नाही.

त्यानंतर साहेब पाच-सहा महिनेच होते. अर्जासाठी वकिलाकडं दोनदा जाऊन आले, पण बाईनं अंगठा दिला नाही. म्हणाली, ज्याले पाह्यजे व्हतं तो गेला. पेटीतले भवरे त्यांनी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले. भोकं बघायचं बंद केलं. भाजीवालीनं मला विचारलं, "बाबाले बरं नाही का? कुचके वांगे मुकाट घेऊन गेले." मला वाटतं, त्या माणसाला शिव्या मिळाल्या असत्या तर तो जगला असता. मी अजूनही मनात तिच्याशी भांडते, की बाई, दोन शब्द रागाचे बोलायचे होते. आणि लगेच मलाच कळतं की राग तिच्याकडं शिल्लक कुठं होता, तो तिनं सगळा नवऱ्यावर खर्च केला होता.

शेवटी शेवटी एकदा मी त्यांना ओढून काठावर नेलं. उन्हं उतरली होती, खाली पाणी हिरवं दिसत होतं. नेहमीचा गाईड होता, पुण्याकडचं एक कुटुंब होतं. गाईडनं आम्हाला पाहिलं आणि मुद्दाम आवाज चढवून म्हणाला, "उल्का सरळ वरून आली, म्हणून विवर गोल. तिरकी आली असती तर लांबट झालं असतं." आणि साहेबांकडं वळून डोळे मिचकावले. "काय साहेब, बरोबर ना?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मीही. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी आता त्या पोराला झापावं, वेग सांगावा, स्फोट सांगावा, आणि आम्हाला घरी जायला उशीर करावा.

साहेब कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "मी तिथं नव्हतो."

गाईड हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं आज गंमत केली. पुण्याचे लोकही हसले आणि फोटो काढत पुढं गेले. साहेब पाण्याकडं बघत तसेच उभे राहिले, आणि मग ऐकायला कोणी नसताना पुन्हा म्हणाले, हळू, त्या बाईच्या बोलीत.

"म्या काहीच पाह्यलं नव्हतं."